उद्यमबागेतल्या पॅटर्न शॉपमधल्या मिनी: कुणी घ्याव्यात, कुणी नाही

टेबलावर खेळायला मिनी, म्हणजे योद्धे-राक्षसांच्या बोटभर मूर्ती, हव्या असतील तर सरळ बेळगावची उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत गाठा. कपाटात ठेवून काही वर्षांनी चढ्या भावानं विकायच्या असतील तर तिकडं फिरकू नका. निकाल आधीच सांगून टाकते, कारण बेळगाव-खानापूर-निपाणीकडची खेळणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न हाच असतो, "ताई, बाहेरून मागवू की इथंच करून घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत पार बदललं आहे.

हे रूढ अर्थानं दुकान नव्हेच. फाउंड्रीला सागवानी पॅटर्न, म्हणजे धातू ओतण्याच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, करून देणारं जुनं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, लेथ, बँडसॉ, सगळीकडं लाकडाचा भुस्सा. उद्यमबागेतल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांचे जीएसटी रिटर्न मी भरते, त्यातलंच हे एक. म्हणजे माझे त्यांच्याशी कामाचे संबंध आहेत, हे वाचताना लक्षात असू द्या. मिनीचे पैसे मात्र मी इतरांसारखेच मोजते. मालकांना सगळा परिसर मामा म्हणतो. त्यांच्या मुलानं पंपाच्या कास्टिंगचे बारीक पॅटर्न काढायला रेझिनचा प्रिंटर (द्रव रेझिन प्रकाशानं थराथरानं घट्ट करून वस्तू घडवणारं यंत्र) घेतला, मग दुसरा घेतला, आणि रात्री मशीन रिकामं कशाला ठेवायचं म्हणून मिनी काढायला लागला. नाव लिहीत नाही, कारण मिनीचं काम अजून ओळखीवरच चालतं आणि फाउंड्रीच्या गिऱ्हाइकांत त्याचा बोभाटा मामांना नको आहे. उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर विचारलं तरी पत्ता मिळतो.

हे काम आज बेळगावात होऊ शकतं, त्यामागं पन्नास वर्षांचा बाजार आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन गोष्ट पुढं नेण्याचा टेबलावरचा खेळ. १९७५ मध्ये सिनसिनाटीत राल पार्था ही मिनी ओतणारी कंपनी निघाली, १९७९ मध्ये इंग्लंडात सिटाडेल. तेव्हाच्या मिनी शिसं-कथलाच्या. रबराचा गोल साचा गरगर फिरवायचा आणि मधोमध वितळलेला धातू ओतायचा, तो आपोआप कडेपर्यंत पोचून भरतो. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी जुन्या मिनीचा फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला आणि लगेच म्हणाले, "म्हणून हात असे आडवे पसरलेत वो म्याडम. दोन भागांचा साचा हाय. अंडरकट आला की माल साच्यातच अडकतोय." अंडरकट म्हणजे आत वळलेली खाच. जुने योद्धे भिंतीला पाठ लावून उभे केल्यासारखे का दिसतात, ते एका पॅटर्नवाल्यानं एका वाक्यात सांगितलं. प्रिंटरमध्ये साचाच नसतो. पाठीमागं वळवलेला हात, खांद्यावरून मागं उडालेलं उपरणं, काखेतली पोकळी, सगळं निघतं. आजच्या मिनी जिवंत वाटतात त्यात कलाकारांचा वाटा आहेच, पण साच्याची अडचण गेली हेही तितकंच मोठं कारण आहे.

धातूनंतर प्लास्टिक आलं आणि त्याबरोबर बंद खोकी आली. २००० मध्ये विझकिड्स या अमेरिकी कंपनीचं मेज नाइट, २००३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या स्वतःच्या रंगवलेल्या मिनी. पहिल्या संचात ८० वेगवेगळे नमुने होते, एका खोक्यात ८, आणि आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. काही नमुने मुद्दाम कमी छापलेले. जमवणाऱ्यांचा बाजार खरा इथून तापला. एकेका दुर्मिळ राक्षसाला अख्ख्या खोक्याहून जास्त भाव येऊ लागला. २०११ पर्यंत ते संच बंद पडले. २०१४ पासून विझकिड्सनं तीच पद्धत पुन्हा आणली, या वेळी खोक्यात ४.

खेळ चालवणाऱ्या माणसाला या पद्धतीचा उपयोग शून्य, हे मी ठामपणे सांगते. मला हव्या असतात बारा गॉब्लिन, म्हणजे बुटके दुष्ट जीव, आणि त्यांचा एक म्होरक्या. खोकं देतं एक गॉब्लिन, एक जादूगार, एक पंख असलेला घोडा आणि एक असा प्राणी ज्याची गोष्टीत जागाच नाही. बारा गॉब्लिन जमेपर्यंत खेळणारी मुलं कॉलेज संपवून पुण्याला नोकरीला गेलेली असतात.

याला पहिला मोठा छेद गेला २०१२ मध्ये. टेक्सासमधल्या रीपर कंपनीनं बोन्स नावाच्या बिनरंगाच्या, मऊ प्लास्टिकच्या मिनींसाठी किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे जमवणाऱ्या संकेतस्थळावर पैसे मागितले आणि ३४ लाख डॉलरांहून जास्त जमा झाले. काय घेताय ते दिसतंय, रंग तुम्ही द्या, किंमत कमी, असा तो सरळ सौदा होता. २०१४ मध्ये हीरो फोर्ज आलं. पडद्यावर आपलं पात्र जुळवायचं आणि तेवढं एकच छापून घ्यायचं. २०१७ पासून विझकिड्सनीही पारदर्शक पाकिटात, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारलेल्या बिनरंगाच्या मिनी काढल्या. मग २०१८-१९ च्या सुमाराला एनिक्युबिकचा फोटॉन आणि एलेगूचा मार्स हे स्वस्त रेझिन प्रिंटर घराघरांत शिरले आणि सगळाच हिशेब उलटला. मूर्तिकार आता मूर्ती विकत नाहीत, ती छापायची संगणकावरची फाईल विकतात. महिन्याची वर्गणी भरा, दर महिन्याला नव्या फायली घ्या. वर थोडे जास्त भरले की छापून विकण्याचा परवानाही मिळतो. माल गोदामात पडून राहणं, जहाजानं येणं, दुकानात धूळ खाणं हे मधले टप्पेच गळून पडले.

याचा अर्थ मोठ्या कंपन्या बुडाल्या असा नाही. सिटाडेलची मालक गेम्स वर्कशॉप डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत गेली. पण तिचा कारखाना तिच्या स्वतःच्या गावात, नॉटिंगहॅममध्ये आहे. चीनमध्ये माल बनवून अमेरिकेत विकणाऱ्यांची अवस्था एप्रिल २०२५ मध्ये वाईट झाली. अमेरिकेनं चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं, आणि पुढच्या महिन्यात ते खाली आलं तरी तोवर बऱ्याच जणांनी माल रोखून धरला होता.

आपल्याकडचं गणित त्याहून आधी बिघडलं आहे, आणि हा माझा रोजच्या कामाचा विषय. डिसेंबर २०१९ पासून टपालानं किंवा कुरिअरनं 'भेटवस्तू' म्हणून शुल्क न भरता परदेशातून माल आणायला बंदी आहे, सूट फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. अमेरिकेतल्या आतेभावाला "गिफ्ट लिहून पाठव" म्हणण्याचा मार्ग तिथंच बंद झाला. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. पार्सल खेळणी म्हणून धरलं गेलं की मूळ किमतीच्या वर हा भुर्दंड, त्यावर कर, त्यावर कुरिअरवाल्याची हाताळणी. दोन छोट्या मिनींचं पाकीट शहापुरात हाती पडेपर्यंत हजाराच्या घरात जातं. ही रक्कम कॉलेजच्या पोरानं का भरावी?

आता उद्यमबागेचा माल. साधी माणसाच्या आकाराची मिनी बिनरंगाची १८० रुपयांना पडते, बारा घेतल्या तर १५०. राक्षस, अस्वल वगैरे ५०० ते ७००. प्रिंटची रेघ जवळून पाहिली तरी दिसत नाही, थर ०.०३ मिलिमीटरचा ठेवतात. मला सगळ्यात आवडलं ते मोजमाप. मामा प्रत्येक लॉटमधली एक मिनी उचलून तिच्या बेसला, म्हणजे पायाखालच्या चकतीला, व्हर्निअर लावतात. २५ म्हणजे २५ मिलिमीटर, एक इंचाच्या चौकोनात ती चोख बसली पाहिजे. रेझिन पक्कं होताना किंचित आक्रसतं, ते धरून मुलगा फाईल तेवढीच वाढवतो. बीडाच्या कास्टिंगसाठी पॅटर्न मोठा करण्याची सवय या घराला पिढीजात आहे, ती इथं कामाला आली. मोठ्या शहरांतून मागवलेल्या प्रिंटमध्ये मी २४ चे आणि २६ चे बेस एकाच पाकिटात पाहिले आहेत.

पण या वर्कशॉपची खरी किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. आमचा खेळ एल्फ आणि ड्वार्फांच्या राज्यात चालत नाही. आमचा किल्ला येळ्ळूरचा राजहंसगड, जंगल भीमगडचं, आणि त्यात वेताळ, मुंजा, हडळ. बेळगावात वाढलेल्या प्रत्येकानं दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेले असतात, त्यामुळं टेबलावर मावळा दिसला की नव्या खेळाडूला काही समजावून सांगावं लागत नाही. मात्र किल्ल्यावरचे मावळे एक बोटभर, एक वीतभर असे कुठल्याही मापाचे, आणि परदेशी खोक्यात मावळा कधी निघणारच नाही. म्हणून आम्ही वर्गणी काढून तीन मिनी नव्यानं घडवून घेतल्या: ढाल-तलवारवाला मावळा, दिवटी धरलेला मशालजी आणि नऊवारीचा कासोटा मारून कोयता घेतलेली बाई. पोरानं संगणकावर मॉडेल केलं, एका मिनीचे ३,५०० रुपये घेतले, आणि फाईल आमच्या हवाली केली. आता त्या हव्या तितक्या काढून मिळतात.

पहिला मावळा पडद्यावर आला तेव्हा आम्ही खूश होतो. मामा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले आणि गुडघ्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाळा, चढावर उभा हाय न्हवं ह्यो? मग गुडघा सरळ कसा? पुढचा पाय वाकीव." पाय वाकवला, कंबर किंचित वळली, ढाल खाली आली, आणि तो गडी एकदम चढावरचा झाला. बाईच्या कासोट्याच्या निऱ्या मागून खोचलेल्या दिसतात, आणि बोट फिरवलं की त्या लागतात. इतकं माझं ऐकून करून देणारं कुणी मला आजवर भेटलं नव्हतं.

रंगकाम हा स्वतंत्र भाग आणि त्यासाठी वेगळे पैसे. २०१९ मध्ये सिटाडेलनं कॉन्ट्रास्ट रंग काढले, एका हातात सावली आणि उजेड दोन्ही देणारे, पाठोपाठ इतर कंपन्यांचेही आले. घरी रंगवणं सोपं झालं, आणि रंगवून आलेल्या खोक्यांचं आकर्षण कमी झालं. इथं मात्र मी रंगवून घेण्याचाच आग्रह धरेन, कारण रंगवणारी मुलगी अनगोळच्या मूर्तिकार घरातली आहे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी ती लहानपणापासून करते. मी तिला बाईचे डोळे काढताना पाहिलं. डोळा एक मिलिमीटरहूनही कमी. आधी खोबणीत गडद तपकिरी भरला, त्यावर पांढऱ्याची आडवी रेघ, आणि मग ज्या बाजूला कोयता आहे त्या बाजूला सरकवून काळ्याचा एक उभा स्पर्श. ठिपका नाहीच. तीन शून्यांचा ब्रश, कोपर टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली. डोळा झाल्यावर वरच्या पापणीची रेघ तिनं शेवटी ओढली, एका श्वासात. त्यामुळं बाई समोर बघत नाही, कोयत्याच्या टोकाकडं बघते. कारखान्यात रंगवलेल्या मिनीचे डोळे पाहा, दोन पांढरे ठिपके असतात आणि त्यातला एक बहुधा गालावर असतो. रंगवायचे ती ३०० रुपये घेते. माझ्या मते हे कमी आहेत आणि तिनं वाढवावेत; वाढवले तरी मी देईन.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिल्या लॉटमधल्या मशालजीची दिवटी डब्यातच मोडली. नुसतं रेझिन ठिसूळ असतं. तक्रार केल्यावर पुढच्या वेळी त्यांनी चिवट रेझिन वापरलं, आणि भाल्याच्या दांड्यांना तर मामांनी भोक पाडून आत पोलादी तार घातली. तो भाला आता वाकवला तरी मोडत नाही. पण ही तार तुम्ही सांगितली तरच घालतात, म्हणून ऑर्डर देतानाच सांगा. एक लॉट हाताला चिकट लागला. धुणं आणि प्रकाशाखाली पक्कं करणं अपुरं राहिलं होतं. त्यांनी बिनतक्रार परत घेऊन पुन्हा अल्कोहोलनं धुऊन दिला, पण मुळात तो बाहेर जायलाच नको होता. कच्चं रेझिन कातडीला बरं नसतं, घरात लहान मूल असेल तर तुम्हीही बोट लावून खात्री करूनच माल घ्या. मावळ्याच्या पोटरीमागं प्रिंट करताना दिलेल्या आधारांचे बारीक टोचे राहतात, ते पॉलिश पेपरनं घासावे लागतात. घाई असेल तर घासून मागा, वीस रुपये जास्त पडतात.

ऋतूचाही प्रश्न आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री गारठा पडतो, रेझिन घट्ट होतं आणि रात्रभर लावलेलं प्रिंट सकाळी अर्धवट निघतं. त्या दिवसांत दिलेली तारीख हमखास चुकते. जून ते सप्टेंबर बेळगावच्या दमट हवेत प्रायमरचा फवारा पांढुरका, खरखरीत बसतो. तेव्हा ते हातानं ब्रशनं प्रायमर लावतात, त्यानं बारीक कोरीवकाम थोडं बुजतं. ड्रॅगन मी पावसाळ्यात घेतला. पंखावरच्या शिरा जितक्या उठून दिसायला हव्यात तितक्या दिसत नाहीत.

फायलींबद्दल त्यांचा नियम कडक आहे आणि मला तो पटतो. कुठून तरी मिळालेली फाईल चालत नाही. खरेदीची पावती किंवा परवाना दाखवावा लागतो, नाहीतर त्यांनी परवाना घेतलेल्या फायलींतून निवडायचं. बाजारातली तयार मिनी स्कॅन करून तिच्या प्रती काढून देत नाहीत. हिंदवाडीच्या माझ्या एका मित्राला डंजन्स अँड ड्रॅगन्समधला बिहोल्डर हा राक्षस हवा होता, त्याला नाही म्हणून सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम सगळ्यांना खुले झाले, पण बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर हे राक्षस खेळाची मालक असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं कायम स्वतःचेच मानले आहेत. मित्र रागावला. पण ज्या मूर्तिकारानं महिनाभर बसून एक राक्षस घडवला त्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि आमच्या मावळ्याची फाईल उद्या कुणी ढापली तर मलाही तितकाच राग येईल. जमवणाऱ्या जुन्या मंडळींना चोरटी प्रिंट अस्सल म्हणून गळ्यात मारली जाण्याची भीती असते, तीही अशा नियमानं कमी होते.

जमवणाऱ्यांबद्दल शेवटी बोलते, कारण त्यांना इथं फारसं काही नाही. ज्याच्याकडं २००३ च्या संचातले दुर्मिळ नमुने किंवा ऐंशीच्या दशकातल्या धातूच्या मिनी आहेत, त्यानं त्या नीट सांभाळाव्यात. तसा माल पुन्हा निघणार नाही आणि त्याला गिऱ्हाईक आहे. उद्यमबागेच्या मिनीला पुढं विक्रीची किंमत नाही, कारण फाईल आहे तोवर ती कमी पडणारच नाही. रंगवलेल्या मिनीचं थोडं वेगळं आहे. अनगोळच्या त्या मुलीच्या हातची बाई कोल्हापूरच्या एका खेळाडूनं माझ्याकडं दुप्पट किमतीला मागितली होती. मी दिली नाही.

ऑर्डर द्यायची असेल तर वेळ बघून द्या. बिनरंगाचा माल साधारण आठवड्याभरात मिळतो. रंगकाम जूनपासून गणेश चतुर्थीपर्यंत पूर्ण बंद असतं, कारण तेव्हा ती मुलगी घरच्या मूर्तींमध्ये गुंतलेली असते. दसऱ्यानंतर हात मोकळे होतात, आणि दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला एकाच मापाचे वीस-पंचवीस मावळे हवे असतील तर ते चतुर्थीच्या विसर्जनानंतर लगेच सांगून ठेवा. गेल्या वर्षी उशिरा आलेल्या दोन मंडळांना त्यांनी बिनरंगाचेच दिले. आगाऊ अर्धे पैसे घेतात, बिल मागितलं तर देतात. शनिवारी शेडमध्ये फाउंड्रीचा माल उतरत असतो, त्यामुळं मिनी दाखवायला कुणाला सवड नसते. इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर गेलात तर पोरगा भेटतो, आणि त्याच्या मागच्या फळीवर सगळे नमुने मांडलेले असतात, हातात घेऊन बघता येतात.